आधी चार्ज करा, मग पळवा, मग चार्ज काढून टाका

फ्यूजनबद्दल, म्हणजे हलके अणू जोडून एनर्जी काढण्याबद्दल, मराठीत जे काय वाचायला मिळतं ते बहुतेक "पृथ्वीवरचा सूर्य" इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. पंधरा कोटी डिग्री, चुंबकाचा पिंजरा, कधी न संपणारी वीज, झालं. पण पंधरा कोटी डिग्री करतात कसे, हीटर कुठला लावलाय, त्याला व्होल्टेज किती, आणि त्यातली किती पॉवर खरंच आत पोचते आणि किती वाया जाते, हे कोणी लिहीत नाही. माझा मालवणात मोटर रिवाइंडिंगचा धंदा आहे, विहिरीवरचे पंप, ट्रॉलरचे अल्टरनेटर, बर्फाच्या फॅक्टरीतल्या मोटारी असं सगळं येतं, त्यामुळे कुठलंही मोठं मशीन दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो की इन्सुलेशन काय आणि उष्णता जाते कुठे. तर आज त्याच नजरेने न्यूट्रल बीमबद्दल, म्हणजे फ्यूजनचं मशीन तापवायला आत मारतात त्या बिनचार्जाच्या अणूंच्या झोताबद्दल, लिहितो. लांबेल जरा, पण विषयच तसा आहे.

आधी हे समजून घ्या की टोकामॅक, म्हणजे फ्यूजनसाठी प्लाझ्मा (इतका तापलेला गॅस की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेत) चुंबकाने कोंडून ठेवणारं मशीन, हा मुळात एक ट्रान्सफॉर्मर आहे. उपमा देत नाहीये, खरंच ट्रान्सफॉर्मर आहे, मधोमध प्रायमरी कॉइल उभी असते आणि सेकंडरी म्हणजे तो मेदूवड्याच्या आकाराचा प्लाझ्मा, एकच टर्न. प्रायमरीतला करंट बदलत नेला की प्लाझ्मात करंट फिरायला लागतो, आणि फ्रान्समध्ये इटर नावाचं जे टोकामॅक बांधतायत त्यात तो दीड कोटी अँपिअर असणार आहे. एवढा करंट गेला की तापणारच. मग अजून वेगळा हीटर कशाला?

गंमत इथे आहे. आमच्याकडे तांब्याचं वाइंडिंग तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, इतका नेमका वाढतो की मोटर चालवून बंद केल्या केल्या रेझिस्टन्स मोजला तर आत टेंपरेचर किती झालं होतं ते थर्मामीटर न घालता काढता येतं. प्लाझ्माचं बरोबर उलटं. जितका गरम तितका रेझिस्टन्स कमी, आणि तोही साधा कमी नाही, टेंपरेचर चौपट झालं तर रेझिस्टन्स आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे तापवत गेलात की तुमचा हीटरच हळूहळू शॉर्ट सर्किटसारखा व्हायला लागतो, करंट आहे पण उष्णता नाही. एक-दोन कोटी डिग्रीच्या आसपास ही गाडी दमते. पाहिजेत पंधरा कोटी. उरलेली उष्णता बाहेरून द्यायला लागते.

त्याचे तीन मार्ग आहेत, दोन रेडिओ लहरींचे आणि तिसरा हा आमचा बीम. कल्पना एकदम गावठी आहे, आतल्या कणांपेक्षा कितीतरी जास्त वेगाचे कण बाहेरून मारायचे, ते आत धडकत धडकत थांबतील आणि थांबताना आपली एनर्जी देऊन टाकतील. पण मारणार कसे? ज्या चुंबकी क्षेत्राने प्लाझ्मा आत कोंडून ठेवलाय तेच क्षेत्र बाहेरच्या चार्ज असलेल्या कणालाही आत येऊ देत नाही, वळवून फेकून देतं. आणि चार्ज नसलेला अणू आरामात आत जाईल, पण चार्ज नसेल तर त्याला व्होल्टेज लावून वेग देणार कसा? रापणीचं जाळं बघितलंय ना, पाणी आरपार जातं आणि मासा अडकतो. तर ह्यांना वेग द्यायला मासा पाहिजे, जाळ्यातून आत जायला पाणी पाहिजे, आणि आत गेल्यावर परत मासा पाहिजे.

म्हणून उपाय काढला तो शीर्षकात लिहिलाय. हायड्रोजन किंवा ड्युटेरियमचा (म्हणजे जड हायड्रोजनचा) गॅस घ्यायचा, त्याचे आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, करायचे, ते हाय व्होल्टेजच्या जाळ्यांमधून (ग्रिडमधून) ओढून पळवायचे, मग पळता पळता त्यांना पुन्हा गॅस भरलेल्या एका नळीतून न्यायचं. तिथे त्या वेगात जाणाऱ्या आयनला बाजूच्या सुस्त अणूकडचं इलेक्ट्रॉन मिळतं, चार्ज जातो, वेग मात्र जवळपास तसाच राहतो. ह्या नळीला न्यूट्रलायझर म्हणतात. तिथून पुढे बिनचार्जाचा अणू सरळ रेषेत चुंबकी क्षेत्र ओलांडून प्लाझ्मात घुसतो, आत धडक बसली की इलेक्ट्रॉन गमावतो, पुन्हा आयन होतो आणि आता त्याच क्षेत्रात अडकतो. मला हा सगळा द्राविडी प्राणायाम पहिल्यांदा कळला तेव्हा हसायला आलं होतं, पण विचार करा, ह्याहून सरळ रस्ता तुम्हाला सुचतोय का.

आणि हे नुसतं कागदावर नाही बरं का. 1978 साली प्रिन्स्टनच्या पीएलटी मशीनने बीम लावूनच सहा कोटी डिग्री गाठले होते. 1982 ला जर्मनीत गार्शिंगला अ‍ॅस्डेक्स ह्या मशीनवर फ्रिट्झ वाग्नर बीमने तापवत असताना प्लाझ्मा अचानक जास्त चांगला कोंडला जायला लागला, त्याला एच-मोड म्हणतात आणि आज इटरचं सगळं गणित त्या एच-मोडवर उभं आहे. इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकवर तर बीम हाच मुख्य हीटर होता, दोन खोके, प्रत्येकात आयन बनवणारे आठ सोर्स, 125 किलोव्होल्टपर्यंत. ऑक्टोबर 2023 मध्ये जेटने जो 69 मेगाज्यूल फ्यूजन एनर्जीचा रेकॉर्ड केला त्यात ट्रिशियम (ड्युटेरियमहूनही जड हायड्रोजन) जास्त असलेला प्लाझ्मा होता आणि त्यावर ड्युटेरियमचा बीम मारत होते, म्हणजे बीम नुसता तापवत नव्हता, त्याचे कण स्वतःच ट्रिशियमला धडकून फ्यूजन करत होते. त्या शॉटला इंधन लागलं साधारण 0.2 मिलिग्रॅम. बाय द वे 69 मेगाज्यूल म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत 19 युनिट. हसू नका, पाचेक सेकंदांत आलेत ते.

आता इटर. तिथे हा सगळा जुना अनुभव एका जागी येऊन अडला. प्लाझ्मा इतका मोठा आणि दाट की 100-125 किलोव्होल्टचा बीम कडेलाच थांबेल, मध्यापर्यंत जाणारच नाही. मध्यापर्यंत जायचं आणि वर प्लाझ्मातला करंटही चालू ठेवायला मदत करायची तर 1 मेगाव्होल्ट पाहिजे, म्हणजे दहा लाख व्होल्ट. त्या व्होल्टेजला ड्युटेरियमचा कण सेकंदाला जवळपास 9,800 किलोमीटरने पळतो. आणि इतक्या वेगात पॉझिटिव्ह आयन त्या न्यूट्रलायझरमधून जाताना इलेक्ट्रॉन पकडतच नाही, थांबायला वेळच नाही त्याला, जवळपास सगळे जसे गेले तसेच चार्ज घेऊन बाहेर येतात. म्हणजे शेवटची पायरीच गळली.

मग उलट केलं. निगेटिव्ह आयन घ्यायचे, म्हणजे ज्या अणूवर एक इलेक्ट्रॉन जास्तीचा चिकटवलाय असा. पळत्या अणूला इलेक्ट्रॉन पकडायला लावणं कठीण, पण त्याच्यावरचं जास्तीचं इलेक्ट्रॉन उडवणं सोपं, कारण ते फक्त 0.75 इलेक्ट्रॉनव्होल्टने धरलेलं असतं, अगदी टेकू लावल्यासारखं. न्यूट्रलायझरमधून जाताना साठ टक्क्यांच्या आसपास कणांचं ते इलेक्ट्रॉन पडतं आणि न्यूट्रल तयार होतो.

पण जे सहज पडतं ते सहज चिकटत पण नाही आणि चिकटलेलं टिकत पण नाही. निगेटिव्ह आयन भरपूर बनवायचे म्हणजे मोठी डोकेदुखी. सोर्समध्ये आठ डबे असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात, प्रत्येकाभोवती कॉइल गुंडाळलेली आणि त्यात 1 मेगाहर्ट्झची आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) पॉवर, सगळी मिळून 800 किलोवॅट. त्याने गॅसचा प्लाझ्मा होतो. आणि मग समोरच्या पहिल्या ग्रिडवर सीझियम ह्या धातूचा पातळसा थर बसवतात. सीझियम असलं की त्या धातूच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सहज सुटतो, तिथे आपटून परतणारा अणू जाता जाता एक इलेक्ट्रॉन घेऊन जातो. एवढ्याशा थरावर सगळा खेळ, कमी पडला तर आयन कमी, जास्त झाला आणि पुढच्या जाळ्यांवर गेला तर तिथे स्पार्किंग, शिवाय सीझियम हा असा पदार्थ की पाणी दिसलं की पेट घेतो. ग्रिडला 1,280 भोकं आहेत, आणि ह्या भोकांतून आयनांबरोबर फुकटचे इलेक्ट्रॉन पण ओढले जातात कारण दोघांचा चार्ज सारखाच. त्यांना पुढे जाऊ दिलं तर 1 मेगाव्होल्टची पॉवर त्यांच्यावरच खर्च होईल, म्हणून दुसऱ्या ग्रिडमध्येच छोटी चुंबकं बसवलीयेत, इलेक्ट्रॉन हलका, लगेच वळतो आणि तिथेच तांब्यावर आपटतो, आयन जड, तो किंचित वाकून पुढे जातो. हे वाचून मी त्या माणसाला मनातल्या मनात सलाम केला, कोण असेल तो.

आता माझा आवडता भाग, इन्सुलेशन.

आमच्याकडे जूनची पहिली भुरभुर आली की रात्री पोलावर सुंईई असा आवाज यायला लागतो आणि निळी ठिणगी दिसते. आठ महिने खारं वारं खाऊन इन्सुलेटरवर मिठाचा पापुद्रा बसलेला असतो, सुका असतो तोपर्यंत काही होत नाही, ओला झाला की त्याच्यावरून करंट सरपटायला लागतो आणि मग ढप्प, लाईट गेली. एकदा दणकून पाऊस झाला की मीठ धुऊन जातं आणि मग उलट कमी त्रास. हे 11 हजार व्होल्टचं झालं. आता दहा लाख व्होल्टचा विचार करा.

तुम्ही म्हणाल तिथे आत व्हॅक्यूम आहे, मीठ नाही, ओल नाही, मग काय प्रॉब्लेम. मला पण आधी वाटायचं व्हॅक्यूमसारखं इन्सुलेशन नाही. पण व्हॅक्यूममध्येही धातूच्या दोन पत्र्यांमध्ये ठिणगी पडतेच, पृष्ठभागावरचा एखादा बारीक टोकदार कण, चिकटलेला गॅस, भटकं इलेक्ट्रॉन, काही पुरतं. आणि वाईट म्हणजे पत्रा जेवढा मोठा तेवढं ते कमी व्होल्टेजला होतं. छोट्या इलेक्ट्रोडवर टेस्ट पास झाली म्हणून तेच गॅप मोठ्या ग्रिडला ठेवलं तर चालत नाही. जपानमध्ये जेटी-60यू ह्या टोकामॅकवर 1996 पासून निगेटिव्ह आयनचा बीम चालवला, ठरवला होता 500 किलोव्होल्टचा, पण ते व्होल्टेज ग्रिडवर टिकेना, शेवटी ग्रिडमधली अंतरं वाढवून वाढवून मग जमलं, त्यात अनेक वर्षं गेली. इटरमध्ये म्हणून दहा लाख व्होल्ट एका उडीत देत नाहीत, पाच टप्पे, प्रत्येकी दोन लाखाचा. बाहेर पॉवर सप्लायपासून सोर्सपर्यंत येणारी लाइन एसएफ6 हा इन्सुलेशनचा गॅस भरलेल्या जाड पाइपातून येते, आणि जिथे ती गॅसमधून व्हॅक्यूममध्ये शिरते तिथे माणूस आत उभा राहील एवढ्या व्यासाच्या सिरॅमिकच्या रिंगा एकावर एक रचलेला बुशिंग आहे. आमच्या ट्रान्सफॉर्मरचा बुशिंग हातात मावतो.

आणि एवढं करूनही स्पार्क होणारच हे धरून चालतात. मोटर जळली की आपण म्हणतो चुकलं काहीतरी, तिथे तसं नाही, ठिणगी पडली की क्षणात सप्लाय तोडायचा, साठलेली एनर्जी ग्रिडवर जाऊ द्यायची नाही, आणि परत चढवायचं. डिझाइनच तसं. इटलीत पादुआला ह्यासाठी वेगळी टेस्ट फॅसिलिटी उभी केलीय, त्यात स्पायडर नावाचा फुल साइजचा सोर्स 2018 पासून आहे आणि मिटिका नावाचा पूर्ण 1 मेगाव्होल्टचा बीम. फ्रान्सला नेऊन लावण्याआधी सगळी भांडणं तिथे मिटवून घ्यायची.

आता हिशोब बघा, कारण मला तो कुठल्याच मराठी लेखात दिसला नाही. एका बीममध्ये 40 अँपिअर आयन 1 मेगाव्होल्टने पळवायचे, म्हणजे 40 मेगावॅट. प्लाझ्मात पोचणार 16.5 मेगावॅट. बाकीचं कुठे गेलं? न्यूट्रलायझरमधून बाहेर येताना साधारण साठ टक्के न्यूट्रल, उरलेले निम्मे पॉझिटिव्ह निम्मे निगेटिव्ह. ते पुढे गेले तर टोकामॅकच्या क्षेत्राने वाकून नळीच्या भिंतीत घुसतील, म्हणून मध्येच व्होल्टेज लावलेल्या प्लेटांवर त्यांना वळवून आपटवायचं, खालून पाणी फिरवून ती उष्णता काढायची. काही बीम कडांवर घासतो, काही नळीत परत आयन होतो. आणि हे चाळीसच्या आतलं, त्याच्याही मागे पॉवर सप्लाय, पंप, आरएफ हे सगळं धरलं तर सॉकेटपासून प्लाझ्मापर्यंत एफिशियन्सी तीस टक्क्यांच्या आसपास येते. दोन बीम मिळून 33 मेगावॅट आत द्यायला बाहेरून शंभरेक मेगावॅट ओढायचे. पंपाची मोटर तीस टक्क्यांवर चालली तर गिऱ्हाईक माझ्या अंगावर येईल.

ह्यात एक गोष्ट मला फार आवडली ती सांगतो. न्यूट्रलायझरला गॅस पाहिजे, पण त्याच्या आधी आणि नंतर गॅस अजिबात नको, कारण ग्रिडमध्ये गॅस असला तर निगेटिव्ह आयनचं इलेक्ट्रॉन पूर्ण वेग येण्याआधीच पडतं, आणि पुढे नळीत गॅस असला तर तयार झालेला न्यूट्रल परत चार्ज होतो. म्हणजे एकाच डब्यात मध्ये गॅस सोडत राहायचा आणि दोन्ही बाजूंनी तो उपसत राहायचा, तोही प्रचंड वेगाने. साधा पंप इथे काय कामाचा. म्हणून क्रायोपंप, उणे 268-269 डिग्रीला थंड केलेले पत्रे, ज्यांच्यावर गॅस येऊन नुसता चिकटतो. पण हायड्रोजन आणि हीलियम असले द्वाड की एवढ्या थंडीतही नुसत्या पत्र्यावर नीट बसत नाहीत, त्यांना बारीक बारीक भोकांत अडकवायला लागतं. म्हणून इटरच्या क्रायोपंपांच्या पत्र्यांवर चक्क नारळाच्या करवंटीचा कोळसा चिकटवलाय! अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, पण करवंटीचाच, कारण त्याची भोकं योग्य मापाची असतात. नारळ इंडोनेशियाचे. आमच्या इथे करवंट्या न्हाणीच्या चुलीत जातात आणि तिकडे त्यांच्यावर फ्यूजनचं व्हॅक्यूम चाललंय. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आपले का नाही घेतले?" मी काय उत्तर देणार.

भारताचं पण ह्यात काम आहे, फक्त नारळात नाही. इटरवर तापवणाऱ्या बीमशिवाय एक तपासणीचा बीम आहे, 100 किलोव्होल्टचा, हायड्रोजनचा, तो आपल्याकडून जायचाय आणि गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत त्याची टेस्टिंगची सोय केलीय. त्याचं काम तापवायचं नाही. फ्यूजन झालं की हीलियमची राख उरते, ती आत किती साठली ते बघायचं. बीममधला हायड्रोजन आत गेला की हीलियम त्याचं इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि त्या झटापटीत विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकतो, तो बाहेर मोजायचा. तेच इलेक्ट्रॉन घेणं-देणं, पण इथे बातमी काढायला वापरलंय. मला हे मोठ्या बीमपेक्षा हुशारीचं वाटतं.

आमच्या दुकानात एक ट्रॉलरवाले काका येऊन बसतात, त्यांना मी हे सगळं एकदा उत्साहात सांगितलं, कोकणात अणू म्हटलं की सगळ्यांना आधी जैतापूर आठवतं म्हणून ते वेगळं हे वेगळं, तिथे अणू फोडायचा इथे जोडायचा, ह्यात साखळी वगैरे सुटत नाही, बिघडलं की उलट विझतं, असंही समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तां सगळां खरां रे, पण ह्याची लाईट आमच्या वाडीत कधी येतली?"

"काका, आपल्या दोघांच्या हयातीत तरी नाय."

"मगे माझी मोटर तरी आज देतलस मा?"

दिली.

पण त्यांचा प्रश्न बरोबरच आहे, आणि माझं स्वतःचं मत असं की वीज विकणाऱ्या खऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हा बीम कदाचित नसेलच, निदान मुख्य हीटर म्हणून. कारण एफिशियन्सी तर झालीच, दुसरं म्हणजे बीमला प्लाझ्मापर्यंत सरळ उघडं भोक लागतं. काच लावता येत नाही, वळण देता येत नाही, अणू वळणार कसा. जिथून अणू आत जातो तिथूनच न्यूट्रॉन बाहेर येतो, त्यालाही चार्ज नाही, त्यालाही चुंबक अडवत नाही, तो सरळ त्या नळीतून मागे सोर्सपर्यंत. मग ते सगळं सामान रेडिओअ‍ॅक्टिव्ह होणार, म्हणजे ग्रिड बदलायचा, सीझियमची भट्टी बदलायची तर माणूस जाणार नाही, रोबोटचा हात. मी एका साध्या बेअरिंगला हात घालायला जागा नाही म्हणून दुपार घालवतो, ह्यांचं काय होत असेल.

ह्याउलट मायक्रोवेव्हवाला मार्ग, जायरोट्रॉनचा, 170 गिगाहर्ट्झ, एकेक मेगावॅटचे नग, लहर पाइपातून वळवत आणता येते, मध्ये हिऱ्याची खिडकी लावून व्हॅक्यूम वेगळं ठेवता येतं, एक नग बिघडला तर तेवढा काढून दुसरा लावायचा. इटरने 2024 च्या नव्या आराखड्यात त्याचाच वाटा वाढवलाय, बीम नंतर येणार. रिवाइंडिंगवाल्याला विचाराल तर तो पण हेच निवडेल, सुटं सामान, बदलता येण्यासारखं. बीमच्या बाजूने एवढंच म्हणता येतं की तो आयनांना थेट ढकलतो, प्लाझ्माला तिरका मारून गोल फिरवतो, आणि त्या फिरण्यामुळे आतली काही खळबळ शांत राहते, ते लहरींना तितकं जमत नाही. फक्त प्लाझ्मा पुरेसा दाट असला पाहिजे, पातळ असला तर बीम न थांबता आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर आपटतो आणि भिंत वितळवतो, म्हणून घनता कमी दिसली की बीम आपोआप तुटायची सोय असते.

असो. सध्या तरी माझी नजर पादुआवर आहे. एक मेगाव्होल्ट, चाळीस अँपिअर आणि सलग एक तास, हे तिन्ही एकत्र अजून कोणी केलेलं नाही. सुटे सुटे सगळे करतात, बिनलोडवर तर जळकी मोटर पण फिरते.